रांगेबाहेरच्या अकरा जणी

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या खिडकीपासून तिसरं दार म्हणजे रक्त घ्यायची खोली. त्या खोलीत सत्तावीस वर्षं एकच बाई बसते. हजेरीपटावर तिचं नाव आहे, पण तो वाचायला कोण जातंय? सगळे तिला मुंगीताई म्हणतात. कुणी घाबरून हात मागे घेतला की ती ठरलेलं वाक्य म्हणते, "काही नाही गं, मुंगी चावेल." आणि खरंच तेवढंच होतं. बायका मान वळवून, डोळे घट्ट मिटून बसलेल्या असतात आणि ही म्हणते, "ऊठ की आता."

"झालं? कधी?"

"तू सासूला मनातल्या मनात शिव्या देत होतीस ना, तेव्हा."

अंगाने बारीक, चष्मा दोरीने गळ्यात, आणि लिहिण्यात इतकी काटेकोर की तिच्या नोंदवहीत खाडाखोड शोधून सापडायची नाही. तिचा नवरा बसडेपोतून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेला. तो शेजाऱ्यांना सांगायचा, "आमच्या घरी दूधवाल्याची वहीसुद्धा हिची सही झाल्याशिवाय खरी मानत नाहीत."

दर दोन वर्षांनी तीन महिने या खोलीत एक जादा काम चालायचं. देशात एचआयव्हीची लागण किती जणांना आहे, हे घरोघर जाऊन विचारता येत नाही. विचारलं तरी खरं कोण सांगणार? म्हणून राजधानीतल्या कचेरीने एक वाट काढली होती. गरोदर बाया पहिल्या तपासणीला येतात तेव्हा त्यांचं रक्त इतर तपासण्यांसाठी घेतलंच जातं. त्यातलं उरलेलं थोडं वेगळ्या नळीत भरायचं. नळीवर नाव नाही, फक्त अनुक्रमांक आणि वय. अशा चारशे नळ्या झाल्या की काम संपलं. त्या बर्फाच्या पेटीतून मोठ्या प्रयोगशाळेत जायच्या आणि काही महिन्यांनी फक्त एक आकडा परत यायचा: चारशेत बाधित किती. कुठली नळी कुणाची हे कुणालाच कळत नसे. अशा शेकडो रुग्णालयांचे चारशे-चारशे एकत्र करून, त्यावर गणित करून, देशाचा आकडा तयार व्हायचा. नियम एकच होता आणि तो पुस्तिकेत जाड अक्षरांत छापलेला होता. येईल तिला घ्यायचं, येईल त्या क्रमाने घ्यायचं, आणि कुणालाही वगळायचं नाही.

मुंगीताई हा नियम डोळ्यांत तेल घालून पाळायची. रुग्णालयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंची भाची आली होती, तिलाही तिने रांगेत एकोणिसावी बसवलं होतं. डॉक्टरीणबाई दोन दिवस तिच्याशी तुटक बोलल्या. हिने मनावर घेतलं नाही.

तरीही चूक झाली ती तिच्याच हातून, आणि झाली तीही मायेपोटी.

पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचे गणवेश शिवणारी एक बाई सकाळच्या रांगेत बाकावर बसली होती. तिला एचआयव्हीची लागण झाल्याचं आधीपासून माहीत होतं, रुग्णालयात फक्त याच आजाराच्या गोळ्या देणारी जी वेगळी औषधखोली होती, तिथून तिला गोळ्या मिळत होत्या, आणि आता ती पहिल्यांदा गरोदर होती. एक कारकून तिचा कागद हातात नाचवत बाहेर आला आणि साऱ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं ओरडला, "औषधखोलीतली बाई कोण आहे इथे?" तिने बिचारीने हात वर केला. दोन्ही बाजूंच्या बाया सरकल्या. बाकावर तिच्या दोन्हीकडे हातहातभर जागा मोकळी झाली. शिवणवाली थोडा वेळ तशीच बसली, मग उठली आणि निघून गेली. ती परत आलीच नाही. तिने गोळ्या सोडल्या, बाळंतपण घरी झालं, आणि बाळालाही लागण झाली. ती पुन्हा रुग्णालयाची पायरी चढली तेव्हा पोर वर्षाचं होतं.

मुंगीताईच्या जिवाला हे फार लागलं. औषधखोलीची सिस्टर तिची जुनी मैत्रीण. दोघींनी मिळून ठरवलं, की यापुढे ज्यांना लागण आहे आणि ज्या औषधखोलीत येतात, अशा बायांना सकाळच्या रांगेत बसवायचंच नाही. त्यांनी दुपारी दोनला यायचं, धुलाईखोलीच्या बाजूच्या दाराने. तेव्हा व्हरांडा रिकामा असतो. रक्त घ्यायचं, दोन शब्द बोलायचे, आणि त्याच दाराने त्यांना घरी जाऊ द्यायचं. हे कुठे लेखी नव्हतं. मुंगीताईने त्या बायांसाठी एक पातळ वही केली, तिलाही नाव दिलं नाही. बाया एकमेकींना सांगू लागल्या आणि येऊ लागल्या. त्यानंतरच्या तीन-साडेतीन वर्षांत दुपारच्या एकाही बाईचं बाळ बाधित निघालं नाही. आपण नोकरीत काय केलं असं कुणी विचारलं असतं, तर मुंगीताईने मनात याच दाराकडे बोट दाखवलं असतं.

इकडे सर्वेक्षणाचा आकडा उतरत गेला. दार सुरू होण्याआधीच्या फेरीत चारशेत सहा. पुढच्या फेरीत दोन. आणि यंदा आलेल्या निकालात शून्य. वरून प्रशस्तिपत्र आलं. डॉक्टरीणबाईंनी पेढे नाही तरी समोसे वाटले आणि म्हणाल्या, "हे तुमच्या सगळ्यांच्या मेहनतीचं फळ." मुंगीताईलाही बरं वाटलं.

महिनाभराने दुसरं पत्र आलं. या भागातली लागण जवळपास संपल्यामुळे इथली औषधखोली बंद करून ती मोठ्या शहरातल्या खोलीत मिळवावी. मोठं शहर बसने पाच तासांवर.

सिस्टर पत्र घेऊन रक्ताच्या खोलीत आली. तिचा आवाज चढला होता. "माझ्याकडे एकशे अडतीस माणसं गोळ्या नेतात. जिवंत, चालतीबोलती. आणि ह्यांच्या कागदावर शून्य? मी काय रिकाम्या खुर्च्यांना गोळ्या वाटते?"

"ते जुने म्हणत असतील. नवीन लागण होत नाही म्हणून..."

"गेल्या वर्षी बारा नवीन आले, बाई."

मुंगीताईने आपली नोंदवही पुन्हा चाळली. तिच्या नळ्या चोख होत्या, तिची वही चोख होती. मग गडबड गणित करणाऱ्यांची असणार, असं दोघींनी ठरवून टाकलं आणि वरच्या कचेरीला यथेच्छ नावं ठेवली.

ते शून्य राजधानीत आणखी एकाला खटकलं होतं. खोली बंद करण्याआधी एकदा तपासून घ्यावं म्हणून कचेरीने एक तरुण पाठवला. पाठीला बॅग, पायात धुळीने माखलेले बूट, बोलणं भरभर. रुग्णालयात दुपारपर्यंत त्याचं नाव आकडेवाला पडलं. त्याने फ्रिजचं तापमान पाहिलं, नळ्यांची यादी तपासली, गरगर फिरणारं मशीन स्वतः चालवून बघितलं. मुंगीताईची नोंदवही उलटताना तो थांबला.

"मावशी, मी एकतीस रुग्णालयं फिरलो. अशी वही नाही बघितली."

"मग शून्यावर विश्वास का नाही?"

"शून्य मला आवडतच नाही," तो म्हणाला. "पाच कमी होऊन चार झाले तर समजतं. एकदम शून्य म्हणजे एक तर फार छान काहीतरी झालंय, नाही तर कुणीतरी दिसेनासं झालंय. पण तुमच्याकडे चूक सापडत नाहीये. मला एकदा सांगा ना, सर्वेक्षणाच्या दिवसांत तुमचा दिवस कसा जायचा?"

"आठला खोली उघडायची. येईल तिचं रक्त घ्यायचं. बारापर्यंत रांग संपते. साडेबाराला पेटीला टेप लावून सही करायची, गाडीवाला घेऊन जातो."

"मध्ये कुणाला टाळलंत?"

"कुणालाच नाही." आणि ती खरंच मनापासून बोलली.

तेवढ्यात बाजूच्या दारावर बोटांनी टकटक झाली. दोन वाजले होते. मुंगीताई म्हणाली, "साहेब, तुम्ही जरा व्हरांड्यात बसता का? बाईमाणूस आहे." तो लगेच उठून गेला.

दारात शिवणवाली होती. हसत होती. "ताई, पुन्हा दिवस गेलेत. तिसरा चालू आहे."

"अगं, मग आधी नाही का यायचं? बस."

मुंगीताईने रक्त घेतलं, पातळ वही उघडली आणि लिहिलं: गरोदरपण दुसरं, महिना तिसरा, पहिली तपासणी. तिथे तिचा हात थांबला. पहिली तपासणी. गरोदर. हीच तर ती बाई, जिची नळी सर्वेक्षणात जायला हवी. आज सर्वेक्षण चालू असतं तर गेली असती का? नसती गेली. पेटीला साडेबाराला टेप लागलेली असती.

शिवणवाली गेल्यावर तिने पातळ वहीची मागची पानं काढली. सर्वेक्षणाच्या महिन्यांवर बोट ठेवत मोजलं. आधीच्या फेरीत पहिल्या तपासणीला दुपारी आलेल्या पाच. यंदाच्या फेरीत सहा. एकूण अकरा जणी. सकाळच्या रांगेतली एकही बाई तिने टाळली नव्हती. या अकरा जणींना तिने रांगेतच येऊ दिलं नव्हतं. तिने वही मिटली.

आकडेवाला आत आला. "कोण होतं?"

"ओळखीची होती," ती म्हणाली.

त्याने कागदावर 'त्रुटी आढळली नाही' असं लिहिलं आणि उद्या सकाळी डॉक्टरीणबाईंची सही घेऊन दहाच्या बसने निघणार असल्याचं सांगितलं.

मुंगीताई त्या संध्याकाळी सरळ घरी गेली नाही, शिवणवालीच्या दुकानात गेली. एक मशीन, एक कपाट आणि निळ्या गणवेशांचा कमरेइतका ढीग. शिवणवालीने पायाने मशीन थांबवलं. "ताई? तुम्ही इथे? माझ्या रक्तात काही निघालं?"

"तुझं ठीक आहे. माझंच बिघडलंय." तिने सगळं सांगितलं. औषधखोलीचं पत्र, शून्य, पेटीची वेळ.

शिवणवालीने नीट ऐकून घेतलं. "म्हणजे आम्हाला कुणी मोजलंच नाही?"

"नाही."

"चला, बरं झालं. सासू रोज म्हणते, मी तुला मोजतच नाही. आता सरकारही तिच्या बाजूला." ती हसली, मग हसू आवरून म्हणाली, "तुम्ही हे सांगितलंत तर काय होईल?"

"खोली वाचेल कदाचित. पण ते म्हणतील, सगळ्यांना सकाळी रांगेत आणा. नियम नियमच."

शिवणवाली मशीनच्या चाकावर हात ठेवून बसली. "मी नाही यायची सकाळी. स्पष्ट सांगते. पाच तास बसमध्ये बसेन, पण त्या बाकावर बसणार नाही."

"मग काय सांगू नको म्हणतेस?"

"तसं कुठे म्हटलं? मी जाईन हो शहरात, माझं दुकान माझ्या हातात आहे. आपल्या दुपारच्यांतली ती मासेवाली कशी जाईल? एक दिवस बाजारात बसली नाही तर तिची जागा जाते. ती गोळ्या सोडून देईल, मी सोडल्या होत्या तशा." तिने एक बाही उचलून उलटी केली. "तुम्ही सांगा. पण दारही ठेवा."

"दोन्ही कसं जमणार गं?"

"ते तुम्ही बघा. मला लोक सव्वा मीटर कापड देतात आणि दीड मीटरचा शर्ट मागतात. मी म्हणते का, कसं जमणार?"

घरी नवरा शेजाऱ्यांचा मिक्सर खोलून बसला होता. तिने त्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ स्क्रू पुसत राहिला. "तीन वर्षं राहिलीत तुझी निवृत्तीला," तो म्हणाला. "सत्तावीस वर्षांत एक मेमो नाही. शेवटी शेवटी हा डाग."

"मग गप्प बसू?"

"अगं, तू गप्प बसलीस तर आपलं जेवण जाणार आहे का दोघांना? मी आपलं डाग लागणार, एवढंच सांगितलं."

सकाळी नऊला डॉक्टरीणबाईंच्या खोलीत आकडेवाला सहीसाठी बसला होता. मुंगीताई आत गेली आणि पातळ वही टेबलावर ठेवली. सांगताना तिने काही सोडलं नाही. कारकुनाचं ओरडणं, बाक, दुपारचं दार, साडेबाराची टेप, अकरा जणी. काल 'ओळखीची' म्हणून टाळलं तेही सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "तुम्ही? दुसऱ्या कुणी केलं असतं तर मला नवल वाटलं नसतं. मी वर काय तोंड दाखवू आता?"

आकडेवाला मात्र वहीवर वाकला होता. त्याने कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं: आधी सहा. मग दोन अधिक पाच, सात. मग शून्य अधिक सहा, सहा. "काही घटलंच नव्हतं," तो म्हणाला. हरवलेली किल्ली सापडावी तसा त्याचा चेहरा उजळला होता. मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं. "हे अगदी असंच मांडता येणार नाही. या अकरा आल्या असत्या तर चारशेतल्या शेवटच्या तेवढ्याच कमी झाल्या असत्या. पण साधारण हेच."

मुंगीताईने विचारलं, "मग देशाचा जो आकडा छापून येतो, तो खोटा का?"

"खोटा नाही. आम्ही एक आकडा लिहीतच नाही, मावशी. इतक्यापासून इतक्यापर्यंत, असं लिहितो. पेपरवाले मधलाच उचलतात, आणि मग आमचे साहेबलोकही तोच पाठ करतात. पण ते 'पासून-पर्यंत' असतं ना, ते नशिबाच्या चुकीसाठी असतं. चारशेत योगायोगाने चार जास्त आल्या, दोन कमी आल्या, त्यासाठी. सगळीकडून एकाच बाजूला झुकलेली चूक त्यात धरलेली नसते." तो थांबला. "अशी दारं आणखी किती रुग्णालयांत असतील, मला माहीत नाही. असतील तर ती चांगल्याच रुग्णालयांत असणार. जिथे कुणाला कुणाची पर्वा नाही, तिथला आकडा बरोबर येत असेल."



"उपाय सोपा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ते दार बंद. सगळ्या सकाळी रांगेत."

"नाही, बाई," मुंगीताई म्हणाली. ती बाईंना 'नाही' असं सत्तावीस वर्षांत कधी म्हणाली नव्हती, भाचीच्या वेळी तर नुसतंच रांगेकडे बोट दाखवलं होतं. "रांगेत आणलं तर त्या येणारच नाहीत. मग रुग्णालयात त्या खरोखरच शून्य होतील, आणि त्यांची पोरं आजारी होतील. दार बंद करू नका. पेटी उशिरा बंद करा."

"म्हणजे?"

"टेप साडेबाराऐवजी चारला लावू. सकाळी शेवटची नळी बाविसावी असेल, तर दुपारी येईल ती तेविसावी. दोन वेळा, पण रांग एकच."

"नियमात सकाळची रांग आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

आकडेवाल्याने बॅगेतून पुस्तिका काढली. एकेक पान बोटाने खाली वाचत गेला. दहाची बस गेली असावी. शेवटी त्याने पुस्तिका मिटली. "'सकाळ' हा शब्दच नाही यात. 'दिवसभरात येईल ती' असं आहे. सकाळ तुम्ही धरलीत, गाडीवाल्याच्या सोयीने."

पुढचं सगळं सरकारी चालीने झालं. मागच्या दोन फेऱ्यांच्या आकड्यांपुढे 'वापरू नये' असा शेरा पडला. प्रशस्तिपत्र परत मागवलं. मुंगीताईला मेमो मिळाला आणि तिने खुलासा लिहिला, चूक मान्य असल्याचा, एका पानाचा. त्यातली 'दार चालू ठेवावे' ही ओळ डॉक्टरीणबाईंनी दोनदा पेन्सिलीने खोडली आणि तिने दोनदा तशीच उतरवून दिली. तिसऱ्यांदा त्यांनी सही केली. औषधखोली बंद करण्याचा हुकूम नव्या फेरीचा निकाल येईपर्यंत थांबवला गेला. फेरी लगेच पुढच्या महिन्यापासून घ्यायची ठरली.

नव्या फेरीच्या पहिल्या दिवशी सकाळी चौदा नळ्या झाल्या. दुपारी दोनला मासेवाली आली, तिला पाचवा महिना होता आणि तपासणी पहिलीच. ती पंधरावी. गाडीवाला पावणेचारपासून दारात उभा राहून कुरकुरत होता. "ताई, तुमच्यापायी माझा दुपारचा चहा बुडाला."

"थांब जरा," म्हणत मुंगीताई पेटी उघडीच ठेवून वरच्या मजल्यावर गेली. आजवर ती असं कधी गेली नव्हती. बाळंतिणींच्या वॉर्डात, केसपेपरच्या खिडकीत, अपघात विभागात, सगळीकडे तिने एकच प्रश्न विचारला: आज कुणी गरोदर बाई दुसऱ्या वाटेने येऊन गेली का? सगळे नाही म्हणाले. अपघात विभागातली तरुण नर्स मात्र घुटमळली. तिचं पोट दिसू लागलं होतं.

"ताई, माझं धरायचं का?"

"तुझी तपासणी कुठे झाली? माझ्याकडे तर आली नाहीस."

"बाहेर केली. खासगीत." तिने आजूबाजूला पाहिलं. "इथे सगळे ओळखीचे. उगाच चर्चा नको म्हणून."

"आणि बाकीच्या? तुमच्यातल्या?"

"सगळ्याच बाहेर जातात, ताई."

 ही तर इथे आलीच नव्हती. जी आलीच नाही तिला कुठल्याही दाराने पेटीत घालता येत नव्हतं. "नियमाने तू नाही धरायची," ती म्हणाली. मग खाली येताना जिन्यात थांबून तिने हे एका चिठ्ठीवर लिहिलं, आकडेवाल्याला कळवायला: आमच्या नर्सबाया आमच्याकडे येत नाहीत.

चार वाजून दहा मिनिटांनी तिने पेटीला टेप लावली, पंधरा लिहिलं आणि सही केली.